घोरपडी ते लोहगाव : विंग कमांडर गौतम यांच्या मागावर

पुण्यात लग्नाला जायचं आणि कार्यालयातली पंगत उठली की एसटी पकडायची, हे मला कधी जमलं नाही. या खेपेला मुहूर्त सकाळचा होता. मठ्ठा पिऊन झाल्याझाल्या आतेभावाला गाठलं आणि म्हटलं, "घोरपडीचं युद्ध स्मारक बघू आणि मग लोहगावला जाऊ." तो अस्सल पुणेकर. "लोहगावला लोक विमान पकडायला जातात. बघायला कोण जातं?" एवढं बोलून घेतलं, पण गाडी काढली.

लष्कराच्या सदर्न कमांडचं हे राष्ट्रीय युद्ध स्मारक कॅन्टोन्मेंटच्या झाडीत आहे आणि लोकवर्गणीतून उभं राहिलंय. आवारात त्रिशूल या युद्धनौकेची प्रतिकृती आहे. १९६१ च्या गोवा मोहिमेत ही नौका अंजदीव बेटाच्या कारवाईत होती, आणि १९७१ च्या डिसेंबरात कराचीवरच्या दुसऱ्या नौदल हल्ल्यातही होती. पोरांची गर्दी मात्र मिग-२३ पाशी. उडता उडता पंख मागेपुढे करणारं हे विमान. वाकून बघितलं की पंख जिथून आत सरकतो ती फट दिसते. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच विमान होतं, कॅनबेरा नावाचं बॉम्बर. आणि ते उडवणारे विंग कमांडर पद्मनाभ गौतम.

महावीर चक्र, म्हणजे परमवीर चक्राच्या खालोखालचं युद्धातलं शौर्यपदक, दोनदा मिळालेली माणसं आपल्या देशात फक्त सहा. त्यांत वायुसेनेचे दोघे, जगमोहन नाथ आणि गौतम, आणि दोघंही कॅनबेराचे वैमानिक. नाथ यांचं काम शत्रूच्या मुलखाचे फोटो काढून आणण्याचं, गौतम यांचं बॉम्ब टाकण्याचं. १९६५ च्या युद्धात पहिलं महावीर चक्र मिळालं तेव्हा गौतम स्क्वॉड्रन लीडर या हुद्द्यावर होते. १९७१ मध्ये ते १६ नंबरच्या बॉम्बर स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. पाकिस्तानातल्या मियाँवालीच्या विमानतळावर त्यांनी रात्रीचे हल्ले केले, खालून तोफांचा मारा चालू असताना. मग तिथल्याच माँटगोमेरी-रायविंड पट्ट्यातल्या रेल्वे यार्डांवर अगदी खालून उडत बॉम्ब टाकले. प्रमुखाने तळावर बसून नकाशात टाचण्या टोचल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. हे स्वतः गेले. दुसरं महावीर चक्र त्याचं.

कॅनबेराबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. आपण १९५७ मध्ये इंग्लंडकडे ही विमानं मागवली, त्यांत बॉम्बफेकीची ५४ होती. या बॉम्बरमध्ये माणसं दोन. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली, तोही मधोमध नाही, जरा डावीकडे सरकलेला. नॅव्हिगेटर खाली नाकाडात, आणि बॉम्ब टाकायच्या वेळी पालथा पडून काचेतून खाली बघणारा. वैमानिकाच्या खुर्चीला इजेक्शनची, म्हणजे खुर्चीसकट बाहेर फेकलं जायची सोय होती, नॅव्हिगेटरला नव्हती. वेळ आलीच तर त्याने सरपटत बाजूच्या दारापर्यंत यायचं आणि पॅराशूट घेऊन उडी मारायची. रात्री, जमिनीला चिकटून उडताना हे कितपत साधणार, ते दोघांनाही माहीत असणार. एकाच विमानातल्या दोघांचा हा हिशेब मला तरी पचत नाही. आतेभाऊ म्हणाला, "मग पदकाचा अर्धा वाटा त्या खालच्याचा." माझंही मत तेच.

घोरपडीहून निघालो ते येरवड्याच्या रस्त्याने. वाटेत जनरल अरुणकुमार वैद्यांचा विषय निघाला. त्या सहांतले हे आणखी एक, आपले अलिबागचे. महावीर चक्र १९६५ आणि १९७१ चंच, फक्त हे रणगाड्यांतले. निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ रोजी याच पुण्यात, कॅम्पात, गाडी चालवत घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना १९९२ मध्ये फाशी झाली ती येरवड्यात. आतेभावाला हे सगळं तोंडपाठ. गौतम यांचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि मीच सांगितलं की तेही पुण्यातच गेले. २५ नोव्हेंबर १९७२, मिग-२१ चा अपघात. युद्ध संपून वर्षसुद्धा झालं नव्हतं. म्हणजे सहांतल्या दोघांचा शेवट एकाच शहरात. त्याने सिग्नलला मान वळवून विचारलं, "आणि आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही?"

विमानतळाच्या रस्त्याला जी गर्दी असते तिचं वर्णन नको. तळ वायुसेनेचा, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. भिंतीवर तारा, फोटोला मनाई, त्यामुळे बघण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण १९६१ च्या गोवा मोहिमेत वायुसेनेचा मुख्य तळ हाच होता. सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. १८ डिसेंबरला विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर गेली आणि काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब टाकून आली. मागून आणखी आठ. हुकूम होता की धावपट्टी फोडा, इमारतींना धक्का लावू नका, आणि तो पाळलाही गेला. गंमत म्हणजे त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी कशीबशी डागडुजी करून आपली दोन प्रवासी विमानं बायकापोरांसह उडवून नेली. मला त्यात बॉम्बरवाल्यांचा कमीपणा वाटत नाही. उलट बरंच झालं.

पुढे मूळ लोहगावात शिरलो. हे तुकोबांचं आजोळ, कनकाईंचं माहेर. देवळात टेकलो तोच डोक्यावरून असा गडगडाट गेला की बोलणंच थांबलं. पारावरच्या आजोबांनी वर बघितलंसुद्धा नाही. "सुखोई," म्हणाले. आवाजावरून ओळखता का, विचारलं, तर हसले. "जन्म गेला इथं. कीर्तनात बुवा थांबतात, विमान गेलं की पुढचं चरण घेतात. अन् तुम्ही विमानं बघायला लोहगावला आलात होय? तुकोबांचं विमान देहूहून गेलं बरं का, इथून नाही!"

चहा त्यांनीच पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. आतेभाऊ आता दिल्लीची तिकिटं बघतोय, कारण पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक कॅनबेरा ठेवलंय आणि नॅव्हिगेटरचं ते दार केवढं असतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.