मांडवा ते हर्णै: खाड्यांच्या वेळेवर चाललेली राइड

गेल्या वर्षी बागमांडल्याच्या धक्क्यावर आमच्या सायकल ग्रुपचे दोन तुकडे झाले. नऊ जण बोटीत चढून सावित्री नदीच्या खाडीपलीकडे वेसवीला उतरले आणि तिघे चढावर मागे राहिले. त्या तिघांपैकी एकाची चेन तुटली होती, आणि चेन जोडायचं हत्यार बोटीतून पुढे गेलेल्या माणसाच्या पिशवीत होतं. पुढच्यांना वाटलं, दमलेत, येतील पुढच्या बोटीने. मागचे सायकल ढकलत धक्क्यावर आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. त्या दिवशी आम्ही केळशीला अंधारात पोचलो, आणि रात्री जेवताना कोणी कोणाशी फारसं बोललं नाही.

यंदा जानेवारीत तीच वाट पुन्हा धरली ती हे मनात ठेवून. मांडवा ते हर्णै, मग दापोली, असे चार दिवस, साधारण अडीचशे किलोमीटर. तेरा जण होतो. सगळ्यात लहान बावीस वर्षांची, सगळ्यात मोठे काका अडुसष्टचे. मुद्दाम सोमवारी निघून गुरुवारी संपवलं. शनिवार-रविवारी आणि जोडून सुट्ट्यांना अलिबाग-मुरुड रस्ता मोटारींनी गच्च भरतो. अरुंद रस्ता, वळणं, आणि घाईत असलेली पर्यटक मंडळी. सायकलवाल्यांनी त्या दिवशी तिथे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ठाण्याहून पहाटे टेम्पोत सायकली टाकून भाऊच्या धक्क्यावर गेलो. तिथून मांडव्याला रो-रो बोट तासाभरात नेते. सायकली खाली गाड्यांच्या मजल्यावर राहतात. हँडल आणि चाक मिळून दोरीने कठड्याला बांधा, नुसत्या टेकवून ठेवू नका. मध्ये बोट हलली की सगळ्या एकमेकींवर पडतात आणि गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर जिथे फ्रेमला अडकतो ती पट्टी, वाकतो. आमच्याकडे त्यासाठी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. दोरीपेक्षा त्या बऱ्या, रंगाला ओरखडा पडत नाही.

पहिला दिवस मुरुडपर्यंत, सुमारे सत्तर किलोमीटर. अलिबाग आम्ही थांबे न घेता ओलांडलं. नागाव-चौलपासून नारळी-पोफळीच्या वाड्यांची सावली सुरू होते ती रेवदंड्यापर्यंत पुरते. रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच जातो. कुंडलिकेचा पूल ओलांडून साळावला आलात की मोटारी कमी होतात. कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी अर्धा तास काढाच. तिथले ख्रिस्ती कोळी-शेतकरी घरात पोर्तुगीजातून उतरलेली बोली बोलतात. ते तिला नॉलिंग म्हणतात, म्हणजे ‘आमची बोली’. टपरीवर चहा देणाऱ्या मावशी आमच्याशी मराठीत आणि आत सुनेशी नॉलिंगमध्ये बोलत होत्या. आमच्यातले दोघे तिथून हलायलाच तयार नव्हते.

काशीदच्या आधी आणि नंतर छोटे चढ आहेत, कोणाला उतरायला लागू नये असे. मुरुडला घरगुती खाणावळीत आधी सांगून ठेवलं होतं म्हणून पोपटी मिळाली. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भांबुर्डीच्या पाल्यात दडपून मडकं उलटं आगीत घालायचं. रायगडात ही थंडीतलीच गोष्ट. शाकाहारी असाल तर वेगळं मडकं लावायला सकाळीच सांगा, रात्री ऐनवेळी होत नाही.

दुसऱ्या दिवशी राजपुरीवरून गेलो, म्हणजे जंजिरा डोळ्यांसमोर राहतो. थोडं अंतर वाढतं, चढही लागतो, पण टेकाडावरून पाण्यातला तो किल्ला उजाडताना पाहिला की तक्रार राहत नाही. खोकरीच्या दगडी कबरींवरून खाली उतरून आगरदांड्याचा धक्का.

इथून खाडी ओलांडून नेणाऱ्या बोटीला गावातले लोक जंगलजेटी म्हणतात. मोटारी, दुचाक्या, म्हावऱ्याच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका, शाळेची मुलं, सगळे एकाच पत्र्यावर. समोर दिघी. ही खाडी रस्त्याने वळसा घालून पार करायची तर अख्खा दिवस मोडतो. सांगायचं मुद्द्याचं ते इथे: या किनाऱ्यावर राइडचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधू नका, बोटींवर बांधा. जोरात चालवणारा गडी अर्धा तास आधी धक्क्यावर आला तरी त्याला बोटीची वाट पाहायचीच आहे. मग त्याने पुढे धावून मिळवलं काय? आम्ही यंदा ठरवलं की सगळे तेरा जण दिसल्याशिवाय एकही सायकल बोटीवर चढणार नाही. एक बोट चुकली तर चुकली. चार दिवसांत अशी एकच बोट आम्ही सोडली, आणि त्या वेळात शहाळी पिऊन दोन पंक्चरं काढून झाली.

धक्क्याच्या उताराबद्दल एक काळजीची गोष्ट. ओहोटीला पाणी खाली गेलं की काँक्रीटच्या उतारावर हिरवं शेवाळ उघडं पडतं. दिघीला उतरताना आमच्या एका ताईंचा क्लीटचा बूट (पेडलला अडकवायची पट्टी तळाला असलेला) सटकला आणि त्या सायकलसकट गुडघ्यावर बसल्या. खरचटण्यावर निभावलं. बोट टेकायच्या आधी क्लीटचे बूट काढून चप्पल घाला आणि सायकल चालवत उतरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार खाली-वर होतं, तेव्हा जास्तच जपा. बोटींच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारायच्या. त्यांना नेमक्या माहीत असतात. शेवटची बोट कधी, हेही विचारून ठेवा. तिकिटाला सुट्टे पैसे हवेत.

दिघीहून कुडगाव, आडगाव, वेळास करत दिवेआगर. रस्ता कधी टेकडीवर, कधी थेट वाळूला लागून. दिवेआगरला वाडीतल्या घरी जेवलो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आदळलं. वाडीचे मालक जेवण वाढता वाढता सांगत होते, की पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या, आणि नवी रोपं धरायला वर्षं जातात. वाडीत उंच जुन्या झाडांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा आहेत आणि त्यांत कमरेला-खांद्याला लागणारी पोफळ उभी आहे. ज्यांनी वादळाआधीचं दिवेआगर पाहिलंय त्यांना तो फरक लगेच कळतो. अशा गावात राहा, जेवा, तिथलीच सुपारी-कोकम विकत घ्या. सपोर्ट गाडीत मुंबईहून पाण्याचे बॉक्स भरून नेण्यापेक्षा तिथल्या विहिरीचं उकळलेलं पाणी बाटलीत घ्या. आम्ही मागितलं तिथे कोणी नाही म्हटलं नाही.

भरडखोल ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता मला या सगळ्या वाटेत सर्वांत आवडतो. उजवीकडे खडकांवर फुटणारं पाणी, डावीकडे डोंगर, मध्ये एवढीशी पट्टी. दुपारी तीननंतर त्यावर निघा. वारा लागतो, पण ऊन तिरपं झालेलं असतं. इथे आम्ही पहिल्यांदाच सगळे एका ओळीत, न बोलता, सात-आठ किलोमीटर चाललो. काका पुढे होते आणि वेग त्यांचा होता. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. तिथे चहा घेऊन हरिहरेश्वरला पोचेपर्यंत दिवस मावळला. दिवे लागतातच, विसरू नका. पुढचा आणि मागचा दोन्ही.

तिसरा दिवस कठीण. बागमांडल्याहून सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो आणि रस्त्याचा स्वभाव बदलतो. रायगडात चढ येतात तसे लवकर संपतात. इथे खाडीच्या पातळीवरून कातळाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, चढायचं, पुन्हा खाली गावात उतरायचं, पुन्हा सडा. बाणकोटचा किल्ला, नाना फडणविसांचं वेळास, मग भारजा नदी ओलांडून केळशी. (दिवेआगरच्या अलीकडचं वेळास वेगळं, नकाशात घोटाळा करू नका.) फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात जाणार असाल तर मुक्काम या दुसऱ्या वेळासलाच करा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला मिळतात. मात्र राहायला जागा आधी नक्की करा, तेव्हा गाव भरलेलं असतं.

सड्यावर सावली नाही आणि मैलोन्‌मैल टपरीही नाही. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएस, चिक्की किंवा खजूर जवळ हवेच. गिअरचं म्हणाल तर मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (दातेरी चकत्यांच्या संचात) सर्वांत मोठी चकती किमान बत्तीस दात्यांची असू द्या. रोड बाइकवाल्यांनी तेवीस-पंचवीस मिलिमीटरचे बारीक टायर आणू नयेत. जांभ्याची खडी आणि तुटक्या कडांमुळे आमची चार दिवसांतली पाचही पंक्चरं तशाच दोन सायकलींना झाली. ब्रेक पॅड निघण्याआधी बदला. लाल मातीच्या धुळीत ते फार लवकर झिजतात.

केळशी ते आडे यांच्यामध्ये उटंबरचा चढ आहे. तिथे काका उतरले. मी मागचा माणूस होतो, म्हणजे कोणीही माझ्या मागे राहायचं नाही ही माझी जबाबदारी. मीही उतरलो. वर पोचलो तर बाकीचे अकरा वळणावरच्या आंब्याखाली सायकली आडव्या टाकून बसले होते. कोणी पुढे गेलं नव्हतं. काकांनी बाटली तोंडाला लावली आणि म्हणाले, “आता उतार माझा.” आणि खरंच आड्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे तेच.

वाट चुकू नये म्हणून आमची पद्धत साधी आहे. प्रत्येक फाट्यावर पुढचा माणूस एकाला उभं करतो, तो शेवटचा माणूस येईपर्यंत हलत नाही, मग त्याच्यासोबत मागे राहून निघतो. सड्यावर मोबाइलला रेंज जाते-येते, त्यामुळे नकाशावर विसंबून चालत नाही. हत्यारांची पिशवीही यंदा मागच्या माणसाकडे होती: चेनचं हत्यार, जोडकड्या, दोन ट्यूब, पंप, प्रथमोपचार.

रात्री आंजर्ल्याला. पहाटे कड्यावरच्या गणपतीला चढून सुवर्णदुर्ग पाहिला, मग जोग नदीच्या पुलावरून हर्णैला सकाळच्या मासळीच्या लिलावात अर्धा तास. तिथे सायकल हातात धरून मध्ये उभं राहू नका, ती लोकांची कामाची वेळ आहे.

आगरदांडा-दिघी आणि बागमांडला या खाड्यांवरही पूल व्हायचे आहेत. तिथल्या माणसांना ते हवेत. रात्री पेशंट घेऊन बोटीची वाट पाहणं काय असतं ते दिघीच्या धक्क्यावर एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं. म्हणून बोटींसाठी हळहळ करणार नाही. फक्त, ज्यांना ही वाट जंगलजेटीने करायची आहे त्यांनी या एक-दोन हिवाळ्यांतच करावी.

हर्णै ते दापोली सोळा किलोमीटर, आसूदच्या बागांतून चढत. परतीला खेड स्टेशनवर गाडी पकडायचा मोह होतो, पण तिथला थांबा थोडा असतो आणि तेरा सायकली ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, चढवणं अशक्य. एक-दोघे असाल तर आधी पार्सल ऑफिसला जाऊन बुकिंग करा. आमच्यासारखा ग्रुप असेल तर दापोलीहून टेम्पो आधीच सांगून ठेवा, आणि त्याला मागे जुन्या गाद्या किंवा गोणपाट टाकून आणायला सांगा.