बोनेटवरची जागा

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा डोळ्यांसमोर आधी आली ती सकाळची एस.टी. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडून चिपळूणला येणारी ही गाडी आमच्या थांब्यावर पोहोचेपर्यंत खच्चून भरलेली असायची. मग कंडक्टर आम्हा दोन-तीन पोरांना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सोडायचे. ड्रायव्हरकाकांच्या डाव्या हाताला इंजिनावरचं ते भलंमोठं झाकण, म्हणजे बोनेट. त्यावर जाड गोधडी टाकलेली आणि कोपऱ्यात काकांचा जेवणाचा डबा गरम होत ठेवलेला. जुलैत चिंब भिजून चढायचो आणि चिपळूण येईपर्यंत त्या उबेवर वह्या वाळवायचो. माझ्या भूगोलाच्या वहीची पानं वाळून पापडासारखी झाली होती आणि तिला वर्षभर डिझेलचा वास येत होता.

म्हणून इंग्रजीच्या धड्यात एका मुलीने बोनेट घातल्याचं वाक्य आलं तेव्हा मी उभा राहून विचारलं, "सर, बोनेट डोक्यावर कसं घालतील?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. "तू कुठलं बोनेट बघितलंयस?" मी एस.टी.चं सांगितलं. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले आणि मला ग्रंथालयातून मोठा शब्दकोश आणायला पाठवलं. तपकिरी कव्हरचा तो कोश दोन्ही हातांनी छातीशी धरून आणावा लागे.

अख्खा तास त्या एका शब्दावर गेला. पहिला अर्थ, हनुवटीखाली फीत बांधायची बायकांची टोपी. "याला आपल्याकडे काय म्हणाल?" मुलींच्या बाकावरून आवाज आला, "कुंची!" लगेच दुसरी म्हणाली, "कुंची नाही सर, टोपडं. कुंची पाठीवर लोंबते, बंद टोपड्याला असतात." सरांना ते पटलं. त्यांनी कोशाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘टोपडं’ लिहिलं. स्कॉटलंडात पुरुष लोकरीची गोल, चपटी टोपी घालत, तिलाही बोनेटच म्हणत.

मग आला शिडाचा अर्थ. हवा चांगली असली की मूळ शिडाच्या खालच्या कडेला दोरीने ओवून जोडायची कापडाची जादा पट्टी. वारा वाढला की ती सोडून काढायची. दाभोळ खाडीकडून येणाऱ्या वर्गमित्राला सरांनी फळ्यावर शीड काढायला लावलं. एरवी इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणारा तो मुलगा त्या दिवशी खडू हातात घेऊन सरांनाच शीड समजावून सांगत होता.

"आणि हा अर्थ तर रोज तुमच्या डब्यावर टपून असतो," सर म्हणाले. लाल तोंडाचं माकड! इंग्रजीत बोनेट मकाक. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ते रानात सापडत नाही. शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा, कारण टाळूपासून केस किरणांसारखे चहूकडे पसरलेले असतात. दुसऱ्या दिवशी थांब्यावर मी नीट बघितलं. खरंच, टोपी घातल्यासारखंच! इतकी वर्षं त्यांच्या हातातली आमची भाकरी बघितली होती, डोकं कधी बघितलंच नव्हतं.

तासाच्या शेवटी सरांनी विचारलं, या सगळ्यांत सारखं काय? वरून झाकतं ते बोनेट, असं मी म्हणालो. पण शीड त्यात बसेना. "बसत नसेल तर ओढून बसवू नकोस," सर म्हणाले, "तसंच लक्षात ठेव."

१९८७ मध्ये दहावी झालो, आयटीआयला फिटरचा ट्रेड घेतला. तिथे व्हॉल्व्ह शिकवताना निदेशकांनी बॉडीवरच्या झाकणावर बोट ठेवून सांगितलं, "हे बोनेट." मला एकदम आठवी ब आठवली. गेली कित्येक वर्षं मी तीच बोनेटं उघडतो आणि बसवतो. उमेदवारीत असताना एकदा सगळे नट ओळीने गोल फिरत आवळले. बोनेट आणि बॉडीमधली गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, एका बाजूला चेपलं आणि वाफ सुरू करताच तिथून फुसफुसायला लागली. समोरासमोरचे नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे हे तेव्हापासून हातात बसलं. अतिथंड वायूच्या व्हॉल्व्हला तर मुद्दाम लांब मानेचं बोनेट असतं, वरच्या पॅकिंगपर्यंत, म्हणजे दांड्याभोवतीच्या गळती रोखणाऱ्या भरावापर्यंत, गारठा पोहोचू नये म्हणून. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात ‘कुंची’ हाच शब्द आला. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे गाडीच्या बोनेटला हूड म्हणतात, आणि हूड म्हणजे पुन्हा डोक्यावरून घ्यायचंच काहीतरी! हे सरांना सांगायला हवं होतं. ते आता नाहीत.

गेल्या महिन्यात शाळेत आलो तेव्हा ग्रंथालयात तो कोश मागितला. बाईंनी खालच्या फळीवरून काढून दिला. पाठ सुटली आहे, कव्हर दोनदा बदललेलं दिसतं, पण त्या पानाच्या समासात सरांचं ‘टोपडं’ अजून वाचता येतं. बाईंच्या परवानगीने कोश घरी आणलाय. बाइंडरला बजावून सांगितलंय, पानांच्या कडा कापायच्या नाहीत. समारंभाच्या दिवशी घेऊन येतो.