उलटून बघणं

मंगळवार, रात्री साडेअकरा

कूलर बंद करून बसले आहे. मे महिन्यात सोलापुरात कूलर बंद करणारं माणूस एक तर वेडं असणार, नाहीतर माझ्यासारखं क्यूसीवालं, म्हणजे मालिकेचे एपिसोड वाहिनीकडे जाण्याआधी त्यांचं चित्र आणि आवाज तपासणारं. कूलरच्या घरघरीत संवादांमागची बारीक खरखर ऐकू येत नाही. त्यामुळे आवाज तपासून होईपर्यंत घामाच्या धारा.

आज एकच एपिसोड दोनदा परत पाठवला. २२ मिनिटांचा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३३,००० फ्रेम. सॉफ्टवेअर आधी सगळं चाळून देतं: काळी फ्रेम, गोठलेली फ्रेम, मर्यादेबाहेर गेलेला पांढरा, आवाजाची पातळी. पण त्याला प्रसंग कळत नाही. लाइट गेलीय, नायिका चाचपडत काडेपेटी शोधतेय, तर त्यानं तो अख्खा सीन लाल करून ठेवला. आणि दोन कटांच्या मध्ये आधीच्या शॉटची एक फ्रेम राहून गेली होती, ती बिनबोभाट सोडली. काळी नव्हती, गोठलेली नव्हती, फक्त तिथं नको होती.

मग ती चादर. लांबून घेतलेला शॉट, पलंगावर चादर, आणि कॅमेरा सरकायला लागला की नक्षीवर हिरव्या-जांभळ्या लाटा पळतायत. याला मॉयरे म्हणतात. कापडाची बारीक वीण आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडली की तिसरीच नक्षी उमटते. एडिटरचा मेसेज आला, ‘मॅडम, डिझाइनच तसं आहे.’ चादरीचं डिझाइन मला शिकवतोय, सोलापूरकरणीला! कॅमेऱ्याची मूळ ४के फाइल मागवली. तिच्यात लाटा नाहीत. म्हणजे दोष शूटिंगचा नाही, एचडीत लहान करताना आलेला. लहान करण्याआधी तेवढा शॉट जरासा मऊ करा, असं टाइमकोडसकट, म्हणजे शॉटची नेमकी वेळ देऊन, लिहून पाठवलं.

तेवढ्यात अण्णा पाणी प्यायला उठले. “काय बघायलीस एवढं?” मी शॉट दाखवला. त्यांची सगळी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेली, चादरीच्या कारखान्यात, चेकिंगच्या टेबलावर. लाटांकडे त्यांचं लक्षच नाही. म्हणाले, “ही आपल्याकडची न्हाई. पडलीय कशी बघ, वजनच न्हाई हिला.” आता हे रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात लिहू?

अण्णांचा एक नियम होता: उलटून बघितल्याशिवाय घडी घालायची नाही. आपल्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी, रंग तेवढे उलटे. तुटलेला धागा एका बाजूनं लपतो, दुसरीकडून दिसतो. मी हे लहानपणापासून ऐकत आले आणि मागच्या महिन्यात तिथंच फसले. एका एपिसोडमध्ये संवादांचे डावे-उजवे चॅनल एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये होते, म्हणजे एकाची ध्वनिलहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. हेडफोनवर आवाज जरा पसरट वाटला, पण रात्रीचे दोन वाजले होते, पास करून टाकला. हीच गडबड दाखवणारा फेज मीटर उण्यात गेलेला, तोही बघितला नाही. एकाच स्पीकरवर दोन्ही चॅनल एकत्र झाले की ते एकमेकांना खाऊन टाकतात. संगीत वाजतंय, पात्रांची तोंडं हलतायत, बोलणं गायब. वाहिनीकडून एपिसोड परत आला आणि मला चार शब्द ऐकावे लागले. चूक माझीच, बोलणार काय? तेव्हापासून शेवटची फेरी आईच्या एका स्पीकरच्या मोबाइलवर, स्वयंपाकघरात. आई म्हणते, एवढ्या महागड्या हेडफोनचं मग करतेस काय?

दुसरं भांडण विजांवरून. खलनायिका दारात आली की पांढरे झोत, एका सेकंदात सात मोजले. सेकंदाला तीनच्या वर गेले की मी अडवते. १९९७ साली जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानं सहाशेहून जास्त लोकांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दिग्दर्शकांचं म्हणणं, इफेक्ट मरतो. मरू दे.

साडेबाराला नवी फाइल आली. चादर आता शांत आहे. पण रेंडर नवा, अख्खी फाइल नव्यानं तयार झालेली, म्हणजे पुन्हा पहिल्या फ्रेमपासून, मधूनच बघून चालत नाही. पाच मिनिटं कूलर लावते, मग बसते.