ओली उशी

बाळाच्या कवटीतली फट रुंदावणारे स्क्रू फिरवायला लागून दहावा दिवस. सकाळच्या राउंडला आई म्हणाली, "डॉक्टर, उशी ओली होतेय. घाम नाही वाटत." स्क्रू फिरवायची उजवी दांडी जिथे कातडीतून बाहेर येते, तिथे गॉज दाबला. मध्ये लालसर ठिपका, भोवती पाण्याचं फिकट कडं. ड्यूरातून, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणातून, मेंदूभोवतीचं पाणी झिरपत होतं.

बाळ ११ महिन्यांचं, वजन ८ किलो. कवटीच्या शिवणी अकाली जुळल्यामुळे मेंदूवरचा दाब वाढलेला. मागची कवटी आडवी कापून दोन डिस्ट्रॅक्टर, म्हणजे हाडाचे भाग हळूहळू दूर सारणारी स्क्रूची साधनं, बसवले होते. कापलेला तुकडा ड्यूरापासून सोडवायचा नाही, हीच यातली मेख. चिकटून राहिला तर त्याचा रक्तपुरवठा टिकतो आणि मागे पोकळीही उरत नाही. दोन्ही स्क्रू समांतर हवेत, नाहीतर पुढे अडकतात. रक्ताचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो: एवढ्या बाळात एकूण साडेसहाशे मिली, म्हणजे १३० मिली गेलं तर पाचवा हिस्सा. ऑपरेशनच्या टेबलावरच फट दोन मिमी उघडून पाहिली, परत मिटवली, तीन दिवस थांबलो. मग रोज १ मिमी, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा. हा वेग हाडांचे सर्जन इलिझारोव्ह यांनी रशियातल्या कुर्गानमध्ये हातापायांच्या हाडांवर बसवलेला. कवटीलाही तो मानवतो.

उजव्या बर होलजवळ (कवटी कापण्यासाठी पाडलेल्या भोकाजवळ) ड्यूराला बारीक चीर गेली असावी, ऑपरेशनमध्ये न दिसलेली. फट रुंदावत गेली तशी तीही ताणली जाऊन उघडीच राहिली.

कमरेतून पाणी काढावं, असं एका सहकाऱ्याचं मत पडलं. मी नको म्हटलं. या बाळाचे सेरेबेलर टॉन्सिल, म्हणजे लहान मेंदूची खालची टोकं, आधीच खाली उतरलेले होते. खालून पाणी काढलं तर ते आणखी ओढले जायचे. दांडीभोवती एक टाका घेतला, डोकं ३० अंश उंच ठेवलं आणि फिरवणं थांबवलं.

पण थांबायचं तरी किती? तान्ह्याचं हाड भराभर जुळतं. आठवडाभर थांबलो असतो तर फटीतलं कोवळं हाड घट्ट झालं असतं, मग स्क्रू फिरवला की हाडाऐवजी प्लेटच उखडते. दोनच दिवस दिले. गॉज कोरडा राहिला तेव्हा रोज अर्धा मिमीने सुरू केलं, चार दिवसांनी पुन्हा एक.

२२ मिमीवर थांबलो. डिस्ट्रॅक्टर दहा आठवड्यांनी काढले.