एवढ्याशा बेटाला दोन नोबेल कसे?

मी काही वर्षं कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया या बेटावर, राजधानी कॅस्ट्रीजला राहिले हे कळलं की बहुतेक पालक मेडिकलच्या ॲडमिशनबद्दल विचारतात. ते सोडून देऊ. ज्यांना खरंच कुतूहल असतं ते विचारतात, "दोन लाखांच्या आत वस्ती आणि नोबेल दोन, हे कसं काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

बेट 617 चौरस किलोमीटरचं, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा जरासंच मोठं. सपाट जमीन मात्र शोधावी लागते. सगळा मुलूख ज्वालामुखीचा. मधोमध दाट जंगल आणि सूफ्रिएर गावाजवळ समुद्रातूनच सरळ वर गेलेले दोन पिटॉन सुळके. फ्रेंच आणि इंग्रजांत बेट चौदा वेळा या हातातून त्या हातात गेलं. म्हणून कारभार आणि शाळा इंग्रजीत, तर घरात आणि बाजारात फ्रेंच वळणाची क्वेयॉल बोली. बहुतेक लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. 1859पासून भारतातूनही करारावर मजूर गेले. त्यांच्या वंशजांकडे काही आडनावं उरलीत, भाषा नाही.

आता ते दोघे. अर्थशास्त्राचं नोबेल 1979 साली मिळालेले आर्थर लुईस आणि साहित्याचं 1992 साली मिळालेले डेरेक वॉलकॉट. दोघांचा जन्म कॅस्ट्रीजचा, दोघांची शाळा सेंट मेरीज कॉलेज, आणि जन्मतारीखही एकच, 23 जानेवारी. फक्त वर्षं 1915 आणि 1930. तारखेचा योगायोग लोक कौतुकाने सांगतात. मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते: दोघेही शिक्षकांच्या घरातले, दोघांचेही वडील लहानपणीच गेले आणि दोघांनाही आईने एकटीने वाढवलं. वॉलकॉटच्या आईने तर शाळामास्तरणीच्या पगारातून मुलाच्या पहिल्या कवितासंग्रहाच्या छपाईचे पैसे दिले.

लुईस आजारपणात वडिलांकडे घरीच इतके शिकले की दोन इयत्ता पुढे गेले आणि चौदाव्या वर्षी शाळा संपवून बसले. स्कॉलरशिपच्या परीक्षेला वय कमी, म्हणून सरकारी कचेरीत कारकुनी केली. पुढे स्कॉलरशिप मिळाली. इंजिनिअर व्हायचं होतं, पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार ना साखरमळेवाले. मग लंडनला जाऊन कॉमर्स घेतलं. गावातली जादा माणसं शहरातल्या कारखान्यांकडे कशी सरकतात, हे त्यांचं 1954चं मॉडेल आपल्याकडे अर्थशास्त्राला असलेल्यांनी परीक्षेपुरतं तरी वाचलेलं असतं.

तेव्हा बेटाने दोन नोबेल घडवले असं मी म्हणणार नाही. परदेशी शिकायला जाण्याची वाट फार अरुंद होती. दोघे तिच्यातून निसटले. किती जण कचेरीतच राहिले, त्याची नोंद कोण ठेवतो? प्रत्येक मुलाला माध्यमिक शाळेत जागा मिळायला 2006 साल उजाडलं. आता पाचवा फॉर्म, म्हणजे माध्यमिक शाळेचा शेवटचा वर्ग झाला की मॉर्न फॉर्च्यून टेकडीवर लुईस यांच्याच नावाचं कॉलेज आहे. त्यापुढे मात्र अनेकांना बेट सोडावंच लागतं: बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, नाहीतर थेट अमेरिका.

खेळातही तेच. 2024 साली पॅरिसला 100 मीटर जिंकून देशाला पहिलं ऑलिम्पिक पदक देणारी ज्युलियन आल्फ्रेड चौदाव्या वर्षीच जमैकाला गेली होती, शिकायला आणि धावायला.