ढग नव्हते, तरी तास कसे?

मी वैमानिक आहे. सोलापूरला घरी आले की वैमानिक व्हायचे ठरवलेली मुले आणि त्यांचे पालक मला एकच प्रश्न विचारतात. आपल्या अवर्षणाच्या भागात ढगांची वाट पाहण्यात वर्ष जाते, मग तुमच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, इन्स्ट्रुमेंट टाइमचे एवढे तास आले कुठून? २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर वैमानिकांचे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आल्यापासून आमच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्याचा दोष मी विचारणाऱ्यांना देत नाही. पण तुम्ही विचारलेतच, तर उत्तर एकदा नीट ऐका.

इन्स्ट्रुमेंट टाइम ढगांवर ठरत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मधील व्याख्येनुसार बाहेरील कोणत्याही खुणेचा आधार न घेता, केवळ उपकरणे पाहून वैमानिक विमान चालवतो तो हा काळ. निरभ्र दुपारी डोळ्यांवर हूड चढवून बाहेरचे दिसणे बंद केले आणि शेजारी बसलेले प्रशिक्षक बाहेर लक्ष ठेवत असले, तर तो वेळ तितकाच वैध असतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याच्या अधिकृत पात्रतेला, असे ४० तास लागतात आणि त्यांतले काहीच सिम्युलेटरवर चालतात. उरलेले आमच्या हवेत बहुतांशी हूडखालीच होणार. मे महिन्यात हूडच्या कडेवरून घाम नाकावर ओघळत असताना आणि तापलेल्या हवेने विमान उसळत असताना कृत्रिम क्षितिजावरची, म्हणजे विमान सपाट आहे की कललेले हे दाखवणाऱ्या उपकरणावरची, रेघ धरून ठेवणे ज्यांना खोटे वाटते, त्यांनी एकदा त्या आसनावर बसावे.

खरा घोळ आयएफआर, म्हणजे उपकरण-उड्डाणाचे नियम, या शब्दापाशी होतो, आणि तो मी भोगला आहे. रेटिंगच्या वेळी माझी वही तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी एका ओळीवर पेन्सिल टेकवून विचारले की त्या दिवशी हवा स्वच्छ होती, तरी हा एक तास कसा? मी शेऱ्यातला हूडचा उल्लेख आणि प्रशिक्षकांची सही दाखवली. पेन्सिल दोन ओळी खाली सरकली. हे उड्डाण तर पूर्ण आयएफआर होते, मग इन्स्ट्रुमेंटचा अर्धाच तास का? मी सांगितले की उड्डाण कोणत्या नियमांखाली झाले एवढेच आयएफआर सांगते. उरलेला वेळ मला भीमेचे पात्र आणि उसाची शेते स्वच्छ दिसत होती आणि मी ती पाहूनच विमान चालवत होते. त्यांनी वही मिटली. ‘नोंदींत विसंगती’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला. एकाच पानावर वर मी जास्त लिहिले होते आणि खाली कमी, असा त्याचा अर्थ! दोन्ही ओळींना एकच कसोटी लावली तर दोन्ही बरोबर ठरतात, हे मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते. अर्ज मंजूर होईपर्यंत एका नोकरीची मुदत निघून गेली. त्या रात्री वडिलांनी फोनवर विचारले, “काही चुकीचं लिहिलं नाहीस ना गं?” शेऱ्यापेक्षा ते अधिक लागले.

तरीही नियम सर्वत्र स्पष्ट आहे असे मी म्हणणार नाही. युरोपातल्या लॉगबुकात आयएफआर वेळेचा स्वतंत्र रकाना असतो, त्यामुळे तिथून शिकून आलेल्यांचे आकडे आमच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ऑटोपायलट लावल्यावर तास कोणाच्या नावावर, यावर दोन कॅप्टन एकमत होत नाहीत.

शिकत असताना माझे मत ठाम होते की ढग नाही, हूड नाही, तर नोंदही नाही. आता मी स्वतः शिकवते आणि अमावास्येच्या रात्री उजनीच्या पाण्यावरून विद्यार्थ्याला नेताना ते मत टिकत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८४ मध्येच खुलासा केला होता की चांदणे नसलेल्या रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नसेल, तर ती प्रत्यक्ष उपकरण-स्थिती, म्हणजे उपकरणांवरच विमान चालवावे लागते अशी स्थिती, ठरू शकते. तो खुलासा आपल्याला बंधनकारक नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी तेवढी मिनिटे लिहिते आणि शेऱ्यात कारण नोंदवते.

माझे काही ज्येष्ठ सहकारी लिहीत नाहीत. काठावरच्या गावांचे दिवे दिसत असताना बाहेर काही नव्हते असे कसे म्हणायचे, हा त्यांचा आक्षेप मला पुरता खोडता आलेला नाही. मी एवढेच म्हणते की दिवे दिसतात, पण पंख सपाट आहे की कलला आहे, हे त्या विखुरलेल्या दिव्यांवरून कळत नाही.