पुराचा क्लेम घेतल्यानंतर गाडीच्या विम्याचे नूतनीकरण: माझा अनुभव

2024 च्या ऑगस्टच्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आमच्या अकोट्यातल्या सोसायटीच्या तळमजल्यावरील बहुतेक गाड्या पाण्यात होत्या आणि त्यांत माझीही होती. दुरुस्तीचा क्लेम रीतसर मंजूर झाला, सर्व्हेअर व वर्कशॉप यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. खरा अभ्यास करावा लागला तो ऑक्टोबरमध्ये, पॉलिसीच्या नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा. आदल्या वर्षी पंधरा हजारांच्या आत असलेला प्रीमियम आता एकोणीस हजारांच्या घरात गेला होता, आणि गाडी तर एका वर्षाने जुनी झालेली होती.

क्लेम घेतला म्हणून प्रीमियम वाढला, एवढे उत्तर सगळेच देत होते. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, कारण दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आतेभावाच्या गाडीला पाण्याचा थेंबही लागला नव्हता, त्याने कधी क्लेम घेतला नव्हता, तरीही त्याची रक्कम वाढूनच आली होती. म्हणून मी कंपनीकडे एकूण रकमेऐवजी प्रीमियमच्या हिशेबाचा तपशीलवार कागद मागितला, आणि मागच्या वर्षीची पॉलिसी शेजारी ठेवून दोन्ही ओळीने वाचले. नूतनीकरणाआधी हे प्रत्येकाने करावे असे मला मनापासून वाटते, कारण एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा हा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, तो केंद्र सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरानुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला 2,094, 1000 ते 1500 सीसीपर्यंत 3,416 आणि त्यावरील मोटारीला 7,897 रुपये पडतात. माझी गाडी 1197 सीसीची, म्हणून दोन्ही वर्षी 3,416 रुपयेच होते. माझ्या क्लेमचा या ओळीशी काडीचाही संबंध नव्हता. आतेभावाचे कोडे मात्र याच ओळीत सुटले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्याने 2021 मध्ये गाडी घेताना ते पैसे भरून टाकले होते, त्यामुळे मधली दोन नूतनीकरणे त्याला स्वस्त वाटली. तीन वर्षे संपताच 3,416 रुपयांची ओळ परत आली. वाढ म्हणावी असे त्यात काही नव्हतेच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, आणि सगळी चढउतार येथेच होते. त्याचा पाया आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर कंपनी ज्या किमतीवरून भरपाई मोजते ती किंमत. उत्पादकाच्या चालू विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करतात: दुसऱ्या वर्षात 20 टक्के, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50. पाच वर्षांनंतर ती कंपनी व मालक या दोघांच्या संमतीने ठरते. माझ्या साडेसात लाखांच्या गाडीची आयडीव्ही साडेचार लाखांवरून पावणेचार लाखांवर आली होती. तेवढ्या प्रमाणात ओन डॅमेजचा प्रीमियम 9,000 वरून 7,500 वर यायला हवा होता, पण कागदावर 8,400 लिहिले होते. विचारल्यावर सांगण्यात आले की मूळ दरावर कंपनी जी सवलत देते, ती या वर्षी माझ्यासाठी कमी केली आहे. 2007 पासून या भागाचे दर खुले झाले आहेत, त्यामुळे कंपनीला तसा अधिकार आहे. पण त्याच कारणाने आपल्यालाही दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मोकळीक आहे, हे मी तिथेच मनात नोंदवून ठेवले.

खरा फटका होता नो क्लेम बोनसचा. क्लेमविना गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक ही सूट 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के अशी चढत जाते, आणि ती फक्त ओन डॅमेजवर मिळते. आदल्या वर्षी मला 35 टक्के होती, या वर्षी 45 झाली असती. एका क्लेमने ती शून्यावर आली. 8,400 वर 45 टक्के म्हणजे 3,780 रुपये, आणि 18 टक्के जीएसटी धरून साधारण 4,460. दोन वर्षांच्या रकमेतला फरक यापेक्षा थोडा कमीच होता. पुढच्या वर्षी पुन्हा 20 पासून सुरुवात, म्हणजे हे नुकसान एका वर्षापुरते नाही. पुरात आतून भिजलेल्या गाडीसाठी मला क्लेमचा जराही पश्चात्ताप नाही, कारण दुरुस्तीचा खर्च यांहून कितीतरी मोठा होता. मात्र पाच हजारांच्या बंपरसाठी क्लेम घेण्याआधी हाच हिशेब मांडावा. त्या पाच हजारांतून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला स्वतः सोसायचे सक्तीचे 1,000 रुपये आणि (घसारा न कापण्याचे जोड संरक्षण, म्हणजे झिरो डेप, नसेल तर) प्लास्टिकच्या भागावरचा घसारा वजा होऊन हाती उरते ते बोनसच्या मानाने फार थोडे असते.

यानंतर मी इतर कंपन्यांचे भाव मागवले. सर्वांत स्वस्त भाव पाहून प्रथम आनंद झाला, पण आत आयडीव्ही 2,80,000 धरलेली होती. प्रीमियम उतरवण्याचा हा सर्वांत सोपा आणि ग्राहकाला सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. उद्या गाडी पूर्ण गेली तर जवळपास लाखभर रुपये आपल्याच खिशातून जातील. म्हणून मी प्रत्येकाला पावणेचार लाखांवरच भाव द्यायला सांगितले आणि मगच तुलना केली. एका एजंटाने मागील क्लेमचा उल्लेख टाळून बोनस तसाच लावून देतो असे सुचवले. मी स्पष्ट नकार दिला. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि खोट्या माहितीवर घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम नेमका गरजेच्या वेळी अडकतो. बोनस असता तर तो माझ्याबरोबर नव्या कंपनीत आलाच असता, कारण तो गाडीचा नसून मालकाचा असतो; त्यासाठी लपवाछपवीची गरजच नसते.

जोड संरक्षणांपैकी इंजिन प्रोटेक्ट मी ठेवले. पुराचे नुकसान मूळ पॉलिसीत येते, परंतु पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात बिघडले तर ते नाकारले जाऊ शकते. माझी गाडी किल्ली न फिरवता टोईंगने नेली होती, तरी बडोद्यात नदीकाठी राहणाऱ्याने हे संरक्षण सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. झिरो डेपही ठेवले. चालक-मालकाचा वैयक्तिक अपघात विमा मात्र काढून टाकला, कारण माझ्याकडे 15 लाखांहून अधिक रकमेची स्वतंत्र अपघात पॉलिसी आहे, आणि तशी असल्यास तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

पुराची हकीकत मी सांगितल्यामुळे नव्या कंपनीने गाडीची पाहणी मागितली. आलेल्या तरुणाने आधी चेसिस क्रमांकाचा फोटो घेतला, मग ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून उजेडात धरला आणि बोटाने चाचपून पाहिला. गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकावर चिखलाची रेघ राहते, वरून गाडी कितीही धुतली तरी ती जात नाही, असे त्याने सांगितले. माझे पट्टे वर्कशॉपने बदललेले होते आणि त्याचे बिल मी जपून ठेवले होते. त्याने बिलाचाही फोटो घेतला.

पावणेचार लाखांच्याच आयडीव्हीवर, इंजिन प्रोटेक्ट व झिरो डेपसह, जीएसटी धरून रक्कम 17,000 च्या थोडी आत आली. मी जुनी मुदत संपण्यापूर्वीच पैसे भरले. मुदत उलटून 90 दिवस गेले तर साठलेला बोनसही जातो. माझ्याकडे तो नसला तरी एक दिवसही विम्याविना गाडी रस्त्यावर नेणे बेकायदा आहे. पॉलिसी आल्यावर इंजिन व चेसिस क्रमांक, आयडीव्ही, जोड संरक्षणांची नावे आणि मागील क्लेमची नोंद मी आरसी पुस्तकाशी व प्रस्तावाशी ताडून पाहिली. बोनसच्या रकान्यात शून्य होते, आणि मागील वर्षीच्या क्लेमपुढे 'होय' असे छापलेले होते.